कोंडा ‘मुळापासून’ घालवणाऱ्यांपासून सावध राहा

‘मुळापासून’ हा शब्द आपल्याला फार महाग पडतो. मूळव्याध मुळापासून, मधुमेह मुळापासून, आणि आता डोक्यातला कोंडाही मुळापासून. एसटी स्टँडच्या भिंतीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत हा शब्द तुमचा पाठलाग करत असतो. मी फिजिशियन आहे, त्वचारोगतज्ज्ञ नाही. पण बीपी आणि शुगर दाखवायला आलेले रुग्ण उठता उठता डोकं पुढे करतात आणि विचारतात, ‘डॉक्टर, हे एकदाचं कधी जाईल?’ तोवर दोन-तीन वर्षं गेलेली असतात. चार तेलं, तीन शाम्पू, एखादी ट्यूब आणि बरेच पैसेही गेलेले असतात.

माझं उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा उतरतो. हा आजार एकदाचा जात नाही. तो महिनाभरात आटोक्यात येतो, आणि आठवड्याला पाच मिनिटं दिली तर आटोक्यातच राहतो. ही आनंदाची बातमी आहे असं माझं म्हणणं आहे. ती लोकांपर्यंत पोचत नाही, कारण ती सांगण्यात कुणाचाच धंदा नाही.

आधी आजार ओळखा

साधा कोंडा आणि सेबोऱ्हिक डर्मटायटिस ही एकाच रस्त्यावरची दोन गावं आहेत. साध्या कोंड्यात डोक्यातून पांढरा भुसा पडतो, थोडी खाज येते, पण त्वचा लाल होत नाही. डर्मटायटिसमध्ये त्वचेला दाह होतो. ती लालसर होते, पिवळट तेलकट पोपडे धरतात आणि खाजेने झोप मोडते. हा आजार डोक्यापुरताही राहत नाही. भुवया, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घड्या, कानामागची जागा, पुरुषांची दाढी-मिशी आणि छातीचा मधला भाग इथेही तो दिसतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर लाली चटकन कळत नाही. तिथे फिकट डाग दिसतात आणि शिबं समजून सोडून दिले जातात.

प्रौढ माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांना कधी ना कधी कोंडा होतो. डर्मटायटिस शंभरात एक ते तीन जणांना होतो, बायकांपेक्षा पुरुषांना थोडा जास्त. जन्मानंतरचे पहिले काही महिने आणि मग तिशी ते साठी, हे त्याचे दोन मोठे हंगाम.

तो एकाच्या कंगव्यातून दुसऱ्याला लागत नाही. तो अस्वच्छतेमुळे होत नाही. पोटातली उष्णता बाहेर पडते म्हणूनही होत नाही. आणि रक्त अशुद्ध झालेलं नसतं. रक्त स्वच्छ ठेवायला तुमचं यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. ती बिघडली तर त्याची लक्षणं कोंड्याहून कितीतरी गंभीर असतात. रक्तशुद्धीच्या बाटलीने खांद्यावरचा भुसा थांबत नाही.

ज्याला ‘मूळ’ म्हणतात ते काय आहे?

आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर मॅलेसेझिया नावाची बुरशी राहते. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच वैज्ञानिकाने 1874 साली तिचं वर्णन केलं, त्याच्यावरून हे नाव पडलं. या बुरशीला जगायला लागणारी मेदाम्लं स्वतः तयार करता येत नाहीत. म्हणून ती आपल्या त्वचेतल्या तैलग्रंथींमधून झिरपणाऱ्या तेलावर जगते. ते तेल फोडून त्यातला तिच्या उपयोगाचा भाग ती खाते आणि ओलेइक आम्लासारखे पदार्थ मागे टाकते. बहुतेकांच्या त्वचेला ते चालतात. काहींच्या त्वचेला चालत नाहीत, मग दाह सुरू होतो. एरवी महिनाभराच्या संथ गतीने सुटणाऱ्या त्वचेच्या पेशी घाईघाईने, गठ्ठ्यागठ्ठ्याने सुटू लागतात. तोच तुमचा कोंडा.

म्हणजे बुरशी माझ्याही डोक्यावर आहे आणि तुमच्याही. फरक आहे तो तुमच्या त्वचेच्या स्वभावात. औषधाने बुरशी कमी होते, पण औषध थांबवलं की ती काही आठवड्यांत परत वाढते. त्वचेचा स्वभाव तर कुठल्याच बाटलीने बदलत नाही. मग मुळापासून काढणार ते काय? एकदा खुरपणी केली, आता या शेतात तण उगवणार नाही, अशी हमी कुठला शेतकरी देतो? तो दर हंगामात खुरपतो आणि पीक घेतो.

हे माझं मत नाही, मोजलेली गोष्ट आहे. 1995 साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. डोक्याच्या डर्मटायटिसच्या आणि कोंड्याच्या 575 रुग्णांना 2 टक्के केटोकोनॅझोल असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे दिला. 88 टक्के रुग्णांना उत्तम गुण आला. त्यांतल्या 312 जणांचे तीन गट करून त्यांच्यावर पुढचे सहा महिने लक्ष ठेवलं. दर आठवड्याला एकदा औषधी शाम्पू लावणाऱ्यांपैकी 19 टक्क्यांना आजार परत आला. एक आठवडा सोडून लावणाऱ्यांत 31 टक्क्यांना आला. बिनऔषधाचा शाम्पू लावणाऱ्यांत 47 टक्क्यांना आला.

हे आकडे दोनदा वाचा. औषध थांबवलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा आजार सहा महिन्यांत परतला. आठवड्याला एकदा औषध लावणाऱ्यांपैकी मात्र पाचांतले चार जण ठीक राहिले.

या आकड्यांतच ‘मुळापासून’वाल्यांची युक्तीही दिसते. औषध थांबवूनही निम्म्या लोकांना सहा महिने काही होत नाही. ती माणसं जाहिरातीत हसत हसत अनुभव सांगतात. उरलेल्या निम्म्यांना सांगितलं जातं, ‘तुम्ही पथ्य पाळलं नाही.’ त्यात हा आजार थंडीत वाढतो आणि उन्हाळ्यात अनेकांना आपोआप उतार पडतो. डिसेंबरात सुरू केलेल्या कुठल्याही तेलाला मेमध्ये यश मिळतं.

तेलाची बाटली खाली ठेवा

इथे मला शिव्या बसणार, याची कल्पना आहे. आजीने आयुष्यभर तेल चोपडलं, तिला कधी कोंडा झाला नाही, हे मी अनेकदा ऐकलं आहे. खरंच असेल. तिच्या त्वचेचा तो स्वभाव नव्हता. ज्यांना हा आजार नाही त्यांनी खुशाल तेल लावावं, दिवाळीचं अभ्यंगस्नानही करावं. माझं म्हणणं ज्यांच्या डोक्यात पोपडे आहेत त्यांच्यापुरतं आहे.

माणसाच्या डोक्यावर राहणारी ही बुरशी प्रयोगशाळेत वाढवायची असेल, तर तिच्या खाद्यात तेल किंवा मेद घालावा लागतो. त्यावर ऑलिव्ह तेलाचा थर देण्याची पद्धत जुनी आहे. आपण रात्री तेल थापून झोपतो तेव्हा वेगळं काय करतो? तरीही तेल लावल्यावर बरं वाटतं, कारण पोपडे चिकटून बसतात आणि दिसेनासे होतात. पाहुणे आले म्हणून पसारा पलंगाखाली ढकलावा, तसलं हे बरं वाटणं.

खाजवून सोललेल्या त्वचेवर लिंबाचा रस चोळणं म्हणजे जखमेला डिवचणं. दह्याने डोकं थंड वाटतं, आजार तिथेच राहतो.

तान्ह्या बाळाच्या डोक्यावरच्या पिवळ्या खपल्या हा याच आजाराचा सौम्य प्रकार. तो बहुधा काही महिन्यांत आपोआप जातो. आपल्याकडे टाळू भरतात आणि तेल तसंच मुरू देतात, ते अशा वेळी करू नका. अंघोळीआधी थोडा वेळ जरासं तेल लावून खपल्या मऊ करा, मऊ ब्रशने हलकेच सोडवा आणि बाळाच्या शाम्पूने तेल धुऊन टाका. नखाने खपल्या काढू नका. मेडिकलमधून आणलेली कुठलीही ट्यूब बाळाच्या डोक्याला लावू नका.

मेडिकलमधली ट्यूब

या सगळ्यात मला सर्वांत जास्त राग कशाचा येत असेल तर या ट्यूबचा. काउंटरवर जाऊन ‘डोक्याला, नाकाजवळ खाज येते, काहीतरी द्या’ म्हटलं की एक मलम मिळतं. त्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोरकस स्टेरॉइड असे तिन्ही असतात. दोन दिवसांत खाज गायब. माणूस खूश, दुकानदार खूश. ट्यूब संपली की आजार दुप्पट जोराने परत, मग दुसरी ट्यूब.

तीच ट्यूब चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, लाल केशवाहिन्या दिसू लागतात, पुरळ उठतात, उन्हात आग होते. डोळ्यांजवळ लावत राहिलं तर डोळ्यांतला दाब वाढू शकतो. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे नायटा औषधांना दाद देईनासा झाला आहे, त्यामागेही अशा मिश्र मलमांचा मोठा वाटा आहे, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. 2018 साली केंद्र सरकारने आणखी अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एच या यादीत आणली. या यादीतली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. प्रत्यक्षात ती किती सहज मिळतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

स्टेरॉइड वाईट नाही. दाह फार असेल तेव्हा डोक्यासाठी स्टेरॉइडचं लोशन उत्तम काम करतं. पण ते किती दिवस, कुठे आणि कधी थांबवायचं, हे लिहिलेलं हवं. ते लिहिलेली चिठ्ठी आणि ट्यूब विकणारा काउंटर यांत हाच फरक आहे.

लाज विकणाऱ्या जाहिराती, भीती विकणारी पॅकेजं

टीव्हीवरच्या शाम्पूच्या जाहिरातीत काळ्या शर्टावर पांढरा भुसा पडतो, बाजूचे लोक नाक मुरडतात आणि एका धुण्यात सगळं चकचकीत होतं. तिथे विकायला ठेवलेली असते ती तुमची लाज. यांतल्या काही शाम्पूंमध्ये झिंक पायरिथिऑन असतं, ते खरं औषध आहे आणि साध्या कोंड्याला पुरतं. पण फेस आला की लगेच तांब्या ओतला, तर कुठल्याच औषधाला काम करायला वेळ मिळत नाही.

पॅकेजवाल्यांची तऱ्हा वेगळी. ते कॅमेरा डोक्याला लावून पडद्यावर त्वचा मोठी करून दाखवतात. इतकी मोठी केली की निरोगी डोकंही भयंकर दिसतं. मग दहा सिटिंगची पावती फाडली जाते आणि ‘उपचार घेतला नाहीत तर टक्कल पडेल’ अशी भीती घातली जाते. खाजवून आणि दाहामुळे काही केस गळू शकतात, पण दाह उतरला की ते बहुधा परत येतात. रोज 50 ते 100 केस गळणं कुणाच्याही बाबतीत स्वाभाविक आहे. दोन-तीन दिवसांनी डोकं धुतलं की ते सगळे एकदम हातात येतात आणि दोष शाम्पूला लागतो.

मग करायचं काय?

1. औषधाच्या नावाने शाम्पू मागा. केटोकोनॅझोल 2 टक्के हा पहिला पर्याय. सिक्लोपिरॉक्स किंवा सेलेनियम सल्फाइड 2.5 टक्के हेही चालतात. सेलेनियम सल्फाइड लावताना सोन्या-चांदीचे दागिने काढून ठेवा, ते काळवंडू शकतात.

2. शाम्पू केसांना लावायचा नाही, त्वचेला लावायचा. डोकं ओलं करा, बोटांनी भांग पाडत पाडत शाम्पू त्वचेपर्यंत पोचवा, बोटांच्या पेरांनी चोळा. नखं नकोत. दाढी, भुवया, कानामागची जागा यांनाही तोच फेस लावा, डोळ्यांत जाऊ देऊ नका.

3. पाच मिनिटं थांबा. घड्याळ लावून पाच मिनिटं. तेवढ्यात अंगाला साबण लावून होतो. ‘शाम्पूने काही झालं नाही’ म्हणणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो, आणि बहुतेक वेळा आजार का हटला नाही ते तिथेच कळतं.

4. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. मधल्या दिवशी साधा शाम्पू चालेल. लांब केसांच्या बायका आठवड्यातून एकदाच न्हातात, केस वाळत नाहीत ही अडचण खरी आहे. पण हा एक महिना दोनदा न्हायला हवं. केस कोरडे झाले तर कंडिशनर फक्त केसांच्या टोकांना लावा. ओले केस बांधून झोपू नका.

5. पोपडे जाड असतील तर नुसता शाम्पू खाली पोचत नाही. तेव्हा सॅलिसिलिक आम्ल किंवा कोल टार असलेलं औषध डॉक्टर देतात. धुण्याआधी अर्धा तास तेल लावून पोपडे मऊ केले तरी चालतं, पण मग ते तेल पूर्ण निघालं पाहिजे.

6. लाली आणि खाज फार असेल तर स्टेरॉइड लोशन, चिठ्ठीवर, फक्त डोक्यावर, साधारण एक ते दोन आठवडे. थांबवायची तारीख चिठ्ठीवर लिहून मागा. चेहऱ्यासाठी बुरशीविरोधी क्रीम वेगळं असतं.

7. आता सगळ्यांत महत्त्वाचं. बरं वाटलं की थांबू नका. तोच शाम्पू आठवड्यातून एकदा, पुढे पंधरा दिवसांतून एकदा चालू ठेवा. एखादा रविवार ठरवून टाका.

केटोकोनॅझोलच्या गोळ्या मात्र यासाठी घेऊ नका. यकृताला इजा होण्याच्या धोक्यामुळे 2013 साली अमेरिका आणि युरोपातल्या औषध नियामकांनी त्या गोळ्यांविरुद्ध पावलं उचलली. शाम्पूला हा धोका नाही, तो त्वचेतून रक्तात जवळजवळ शिरतच नाही.

हेल्मेटला दोष देऊन ते डिकीत टाकू नका. आतलं अस्तर धूत जा, खाली सुती रुमाल बांधा. कमी झोप आणि ताण यांनी आजार उसळतो, हेही लक्षात ठेवा. परीक्षा, लग्नघर, मार्चअखेर या काळात शाम्पू आठवड्यातून दोनदा केलात तर पुढचा त्रास वाचेल.

आमच्या व्यवसायाबद्दलही दोन शब्द

‘मुळापासून’वाल्यांची दुकानं चालतात, याला डॉक्टरांची घाईही कारणीभूत आहे. चिठ्ठीवर शाम्पूचं नाव आणि ‘आठवड्यातून 2 वेळा’ एवढंच लिहिलेलं असतं. किती मिनिटं ठेवायचा, कुठे लावायचा, बरं झाल्यावर काय करायचं, यातलं काही नसतं. रुग्ण दोन महिन्यांनी ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून पुढच्या दारात जातो. तिथे त्याला चहा मिळतो, अर्धा तास मिळतो आणि आशा मिळते. म्हणून चिठ्ठी हातात आली की हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. डॉक्टर रागावले तर रागावू देत.

त्वचारोगतज्ज्ञांकडे कधी जायचं?

चार ते सहा आठवडे नीट उपचार करूनही फरक नसेल, तर निदान तपासून घ्या. चंदेरी, जाड, कडा स्पष्ट असलेले चट्टे केसांच्या रेषेबाहेर आले असतील किंवा कोपरं-गुडघ्यांवरही असतील, तर तो सोरायसिस असू शकतो. लहान मुलाच्या डोक्यात चट्ट्याच्या जागी केस तुटत असतील, मानेला गाठी आल्या असतील, तर ते डोक्याचं गजकर्ण असू शकतं. त्याला शाम्पू पुरत नाही, पोटातून औषध लागतं. खाज केस काळे केल्यानंतर सुरू झाली असेल, तर रंगाची ॲलर्जी असू शकते. काळ्या मेंदीच्या नावाने मिळणाऱ्या पुड्यांतही बरेचदा तेच रसायन असतं. पू, ताप किंवा वाढतं दुखणं असेल तर वाट पाहू नका. आजार अचानक आणि फार जोरात सुरू झाला असेल, तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सुचवतील. पार्किन्सन्सच्या रुग्णांतही हा आजार जास्त दिसतो. तपासणी सुचवली म्हणून घाबरू नका आणि अपमानही वाटून घेऊ नका.

दात रोज घासावे लागतात म्हणून पेस्ट निरुपयोगी आहे, असं कुणी म्हणत नाही. डोक्याच्या बाबतीतही तेवढीच समजूत हवी. यापुढे कुणी तुमचा आजार मुळापासून काढून देतो म्हणाला, तर त्याला एकच विचारा: ‘उपचार थांबवल्यावर सहा महिन्यांनी तुमच्या शंभर रुग्णांपैकी किती जणांना हा आजार परत आला? तो आकडा पावतीवर लिहून द्याल का?’ तो लिहून देणार नाही. पाकीट खिशात ठेवा आणि केटोकोनॅझोलची बाटली घेऊन घरी जा.